दुसरं पान

पाचगणीच्या एका शाळेच्या वसतिगृहात विजयमाला पोरींच्या वेण्या घालायची. तिथल्या म्हाताऱ्या मॅट्रनबाईंनी विलायतेला परतताना तिला टॅरोचे चित्रांचे पत्ते दिले. "रोज दोनच पानं काढ. पहिलं दिवस कसा आहे ते सांगेल, दुसरं तू काय करावंस ते. जन्ममरणाचं मात्र विचारू नकोस."

एकाहत्तरच्या लढाईत तिचा नवरा आकाराम बेपत्ता झाला. नोकरी सोडून ती मेढ्याजवळच्या गावी सासूपाशी आली. बयाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सकाळी चहा झाला की ती म्हणायची, "काढ गं पानं." विजयमाला घोंगडीवर पानं मांडून चित्रं सांगायची. तराजू धरलेली बाई, कुत्र्यासंगं निघालेला वाटसरू. त्यावरनं म्हैस रानात सोडायची का, नणंदेकडं जायचं का, ते ठरायचं. आकारामचं दोघीही विचारत नव्हत्या.

उन्हाळ्यात आकारामच्या पलटणीतला बाळासो काठी टेकत आला. विजयमालानं त्याला गोठ्याकडं नेलं.

"वयनी, गोळी लागली तवा मी शेजारीच व्हतो. पाणी मागितलं त्यानं, पाजलं, आन जीव सोडला त्यानं. मागं हटायचा हुकूम आला. मीबी जखमी. त्याला उचलता आलं न्हाई."

ती म्हशीचं दावं धरून उभी राहिली. "आत्याबाईला मी सांगते," एवढंच म्हणाली.

आत येताच बयाबाईनं विचारलं, "कोन आलतं? काढ पानं."

"सकाळीच काढली की."

"परत काढ."

पहिल्या पानावर वीज पडून कोसळणारा बुरूज होता. तिनं तो सांगितला.

"आन दुसरं?"

"अंथरुणात उठून बसल्याली बाई. तोंड झाकलंय हातानं."

"काय करायचं म्हणतंय त्ये?"

विजयमालानं पान खाली ठेवलं. "आत्याबाई... त्ये गेलं."

म्हातारीनं चाचपडत तिचा हात धरला. पानं विस्कटली. "मग रड की गं. इतकं दिस माझ्यापायी कुठं रडलीस तू?"

दोघींचा हंबरडा ऐकून आळी गोळा झाली.

शाळा उघडताना विजयमाला पुन्हा पाचगणीला कामावर लागली. सासूला सोबत नेलं. बयाबाई व्हरांड्यात उन्हाला बसायची. पोरी विचारायच्या, "आजी, तुमचा मुलगा काय करतो?"

"पलटणीत हाय," ती म्हणायची. 'व्हता' हा शब्द तिच्या तोंडून शेवटपर्यंत निघाला नाही.