नैवाशाची ओटी

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या त्या घरात उषाताईंचा शब्द आजवर खाली पडला नव्हता. तो आफ्रिकेत पडेल असं वाटायचं त्यांना काही कारण नव्हतं.

शब्द साधा होता. घराण्यातली सून पहिल्यांदा नवं पाणी ओलांडणार असेल, तर आधी त्या पाण्याची ओटी भरायची, मगच नावेत पाय. चंबळेची भरली, नर्मदेची भरली. आता थोरला मुलगा दिग्विजयसिंह बायकोला घेऊन केनियात गेला होता, नैवाशा नावाच्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर जनावरं बघायला. सकाळी नावेतून बेटावर जायचं, तिथे जिराफांच्या मधून पायी हिंडायचं, दुसऱ्या दिवशी जवळच्याच एका घळीत सायकली चालवायच्या. हिंडा म्हणावं, कोण नाही म्हणतंय! पण आधी ओटी. नई सडकेवरून आणलेला हिरवा खण त्यांनी स्वतः सुनेच्या बॅगेत कोंबला होता.

आदल्या दिवशी फोनवर सून, सीमंतिनी, चाचरत म्हणाली होती, "आईसाहेब, इथे उजाडताना काठावर जायला मनाई आहे. पाणघोडे रात्री चरायला वर येतात आणि पहाटे पाण्यात परततात. चौकीदाराशिवाय खोलीबाहेर पडू देत नाहीत."

"मनाई असेल पाहुण्यांना. तुला देवकार्याला कोण अडवतंय? आणि घोड्यांचं भय मला दाखवू नकोस. तुझे आजेसासरे घोडदळात होते."

"ते तसले घोडे नसतात हो..."

"ओटी भरायची आणि मला फोनवर दाखवायची. नाहीतर नावेत बसायचं नाही. संपलं!"

ग्वाल्हेरात चांगलं ऊन आलं होतं, तिकडे नुकतं फटफटत होतं. धाकट्या मुलाची सोनिका फोन धरून आजीशेजारी बसली होती.

"आजी, हलू नका ना, चेहरा कट रहा है."

"माझा चेहरा कुणाला बघायचाय? तिचा नीट दिसू दे."

सीमंतिनीनं फोन काठावरच्या एका लाकडी खांबाला टेकवून ठेवला होता. ती पाण्याकडे तोंड करून बसली होती, आणि तिच्या मागची हिरवळ, धुकं, धुक्यातला एक काळा ओला दगड असं सगळं फोनात दिसत होतं.

"हे झोपलेत अजून," ती कुजबुजली. "चौकीदार चहाला गेला, तशी निसटले."

"बरं केलंस. हळद आधी. कुंकू मग. नारळाची शेंडी पाण्याकडे... अगं पाण्याकडे म्हटलं, तुझ्याकडे नव्हे!"

सीमंतिनीनं नारळ फिरवला. उषाताईंचं लक्ष तिच्या हातांवर होतं. मध्येच त्यांची नजर वर गेली.

"सोनिका, तो दगड मघाशी इतका जवळ होता का गं?"

सोनिकानं फोन डोळ्यांशी नेला. "आजी... ये पत्थर नहीं है. याला कान आहेत."

उषाताईंचं माहेर ग्वाल्हेरातच, शिंदे की छावनीतलं. वडिलांच्या म्हशी हौदाकडे सुटल्या की आई पोरींना दंडाला धरून दारातून आत ओढायची. तेव्हा म्हशीचा कुणावर राग नसायचा. तिला पाणी दिसत असायचं आणि मधलं माणूस दिसत नसायचं. आणि हे धूड चार म्हशींएवढं होतं, त्याच्या नि पाण्याच्या मध्ये सीमंतिनी बसली होती.

"सोड!" त्या ओरडल्या. "सोड ते सगळं, ऊठ!"

सीमंतिनी दचकली. पण उठायच्या ऐवजी तिनं डोक्यावरची ओढणी सावरली. "चुकलं का? हळदच आधी लावली मी."

"अगं मूर्ख, ऊठ म्हणते ना!"

"काकू, पीछे देखो!" सोनिकाही किंचाळली.

दोघींचे आवाज एकमेकांत अडकले. पलीकडे पोचला तो नुसता आरडाओरडा, आणि सासूचा आरडाओरडा सीमंतिनीला काही नवा नव्हता. "हो, हो, एवढा खण ठेवते. रागावू नका, चौकीदार ऐकेल." तिनं मान आणखी खाली घातली.

मागचं जनावर थांबलं. त्यानं तोंड थोडं उघडलं.

उषाताईंना कळून चुकलं. आपण जितक्या ओरडू तितकी ही खाली वाकणार. लग्न होऊन आल्या दिवसापासून आपणच हिला हे शिकवलं. त्यांनी सोनिकाच्या तोंडावर हात ठेवला आणि फोन ओढून घेतला.

"सीमंते," त्या हळू म्हणाल्या. "बाळा."

खणावरचा हात जागच्या जागी थांबला.

"तुझं काही चुकलं नाही, बाळा. हात रिकामे कर. ऊठ, आणि तुझ्या उजव्या हाताला ते झाड आहे ना, त्याच्या मागे जा. पाण्याकडे जाऊ नकोस."

सीमंतिनीनं डोकं वर केलं. सासूच्या त्या मऊ आवाजानं, घरात कुणी गेल्याची खबर आल्यासारखा तिचा चेहरा उतरला होता. मग तिनं मागे पाहिलं.

ती उठली आणि फोनातून बाहेर गेली. कुणीतरी परक्या भाषेत ओरडलं. काळं धूड मोठं होत होत सगळ्या काचेवर पसरलं, खांब हादरला, आणि त्यानंतर फोनात नुसतं राखाडी आभाळ दिसू लागलं. धपधप आवाज. मग पाण्याचा मोठा धबका.

"काकू?" सोनिका रडायला लागली. "काकू, बोला ना!"

उषाताई फोनातल्या त्या आभाळाकडे बघत बसल्या. त्या आभाळाकडे बघत बसल्या.

शेवटी फोन कुणीतरी उचलला. सीमंतिनीचा चेहरा पांढराफटक होता, केसांत पाचोळा.

"आईसाहेब," तिचे दात वाजत होते, "ओटी राहिली."

"कुठाय खण?"

"त्याच्या पायाखाली आला. पाण्यात गेला त्याच्याबरोबर."

"मग पोचली. आता काय राहिलं?" उषाताईंनी पदरानं नाक पुसलं. "जा, गरम चहा पी. चौकीदाराची माफी माग, माझ्या नावानं माग. आणि त्या दिग्विजयला उठव, लोळतोय रेड्यासारखा."

सीमंतिनीला हसू आणि रडू एकदमच आलं. "आईसाहेब, मघाशी तुम्ही मला काय म्हणालात?"

"ऐकलंस ना एकदा?"

"ऐकलं."

"मग पुरे." त्यांनी फोन सोनिकाकडे दिला. लगेच परत ओढून घेतला. "आणि नावेत मधोमध बस. काठाला नको, बाळा."