उरलेला चिंचोका

अंगणवाडीच्या फरशीवर खडूने काढलेल्या घरात एक चिंचोका उरला होता.

रत्नप्रभाताईंचा हा रोजचा खेळ. आल्याआल्या प्रत्येक मुलाने त्या घरात एक चिंचोका ठेवायचा आणि बाहेरून खेळून आलं की एकेक उचलायचा. मुलांना आकडे येत नव्हते, पण माणशी एक म्हणजे काय, ते हातांना कळू लागलं होतं. आज ती ओढ्याकाठची पानं गोळा करून आली होती. लहानापुढे मोठं पान मांडायचं होतं.

"ताई, ह्यो कुनाचा?" वैष्णवीने विचारलं.

कोणी उचलायचं विसरलं असेल म्हणून ताईंनी सगळ्यांना मुठी उघडायला लावल्या. प्रत्येक मुठीत चिंचोका होता. एकेक चेहरा पाहताना कळलं, शीतल नाही. पोर मुळातच अबोल, त्यामुळे वाटेत तिचा आवाज नाही हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सिद्धगडाकडून बिबट्या उतरल्याचं पाड्यावर बोललं जात होतं. पाड्यावरच्या लडकूचं वासरू त्याने ओढ्यापाशीच मारलं होतं. मदतनीस देवकीने नको म्हटलं होतं, पण भर उजेडात काय होतंय म्हणून ताईच मुलांना घेऊन गेल्या होत्या.

देवकीला आतून कडी लावायला सांगून त्या धावत सुटल्या. हाका मारल्या, पण हाकेला ओ देणारं ते पोर नव्हतं. वरच्या झाडांवर वानरं खेकसत होती. मग तीही एकाएकी गप्प झाली.

करवंदीच्या जाळीमागे शीतल उकिडवी बसली होती. चिमुकल्या पानापासून थेट सागाच्या पानापर्यंत तिने ओळ मांडली होती. तिच्या मागचं गवत हललं. वारा नव्हता. ताईंनी पोरीला उचलून छातीशी धरलं आणि गवतावरची नजर न काढता, पाठ न दाखवता, त्या मागे मागे सरकत वाटेला लागल्या. गवतात काय होतं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पोरगी काही सांगणार नाही, तुम्हीही बोलू नका, असं देवकीचं म्हणणं पडलं. पण शीतलची आई लक्ष्मी मजुरीवरून परतली तेव्हा ताई स्वतः तिच्या दारात गेल्या आणि घडलं तसं सगळं सांगितलं. लक्ष्मीने ऐकून घेतलं, लेकीला पोटाशी ओढलं आणि दार लावून घेतलं.

रातोरात ही गोष्ट पाड्यावर पसरली. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत कोणीच आलं नाही. ऊन वर चढलं तरी ताई रिकाम्या खोलीत बसून होत्या. जरा पाचोळा वाजला तरी उठून दाराशी जात होत्या.

तेवढ्यात शीतलला कडेवर घेऊन लक्ष्मी आली. तिने लेकीला आत सोडलं.

"घरात ऱ्हात नाय ती. शिकवा तुमी."

"आणि मजुरी?"

"आज नाय गेली."

कमरेचा कोयता काढून तिने मांडीवर घेतला आणि ओढ्याकडे तोंड करून ती उंबऱ्यावर बसली.