मधला शब्द

मित्रांनो, मी एक जुना टॅबलेट आहे. कडेला तडा गेलाय, पाठ घासून गुळगुळीत झालीय. पण त्या दुपारचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

कारखान्यातून निघाल्यावर मी दुकानाच्या काचेमागे दिमाखात मिरवत होतो. मग एका घरात मालिका दाखवल्या. त्या घरात नवा टॅबलेट आला आणि मी कपाटात धूळ खात पडलो. तिथून मला ताईंनी विकत आणलं. ताई फोटोंना फ्रेम करतात. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. त्या हातांनी बोलतात आणि फोनच्या चिमुकल्या पडद्यावर ते हात नीट दिसत नाहीत. माझ्यावर दिसले. "हा आला आणि आमच्या गप्पांना अंगण मिळालं," असं त्यांची धाकटी बहीण म्हणायची. मी फुलून जायचो!

फ्रेमच्या दुकानात वायफाय नव्हतं, म्हणून ताईंचे यजमान माझ्यासाठी सिम आणायला गेले.

"हे फक्त डेटाचं आहे. फोन लागणार नाही," सिमवाला म्हणाला.

"लावायचाय कुणाला? आमची बायको बोलतच नाही!" यजमान स्वतःच्याच विनोदावर हसले. "सगळ्यात लहान प्लॅन द्या. जादाचं यंत्र आहे ते."

रोजचा डेटा संपला की वेग मुंगीचा होईल, हेही त्याने सांगितलं. यजमानांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं.

त्या दुपारी गिऱ्हाइकांना नमुने दाखवता दाखवताच माझा डेटा आटला. तेवढ्यात धाकटीचा व्हिडिओ कॉल आला. तिने तळवा कपाळाला लावला. त्यांच्या घरातली ती 'आई'ची खूण. आणि चित्र गोठलं. मी जिवाचा आटापिटा केला. पुढची एकच हालचाल हाती लागली: झटकलेले, रिकामे हात. 'संपलं.' पुन्हा सगळं ठप्प.

आई. संपली.

ताईंच्या हातातली काच फरशीवर फुटली. चेहरा पांढराफटक पडला. मोबाइल राहिला, चपला राहिल्या. मला छातीशी धरून त्या भर रस्त्यातून माहेराकडे धावत सुटल्या. त्यांचं काळीज माझ्या पाठीवर घणासारखं आदळत होतं आणि मला चकार शब्द काढता येत नव्हता.

दार आईनेच उघडलं. अनवाणी, घामाघूम लेकीला पाहून तिने हातांनीच विचारलं, "औषध आणलंस?"

औषध! 'आईचं औषध संपलं.' मधला शब्द मी गिळला होता!

ताई उंबऱ्यातच मटकन बसल्या आणि आईचे पाय कवटाळून रडल्या. आई भेदरून आत ओरडली, "अगं धाकटे, हिला झालंय तरी काय?"

संध्याकाळी यजमानांना सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी ते ताईंना घेऊनच सिमवाल्याकडे गेले. "मला नको, हिला विचारा," म्हणाले.

"रोज किती वेळ बोलता?" सिमवाल्याने लिहून विचारलं.

ताईंनी माझ्यावर बोटाने लिहिलं, 'खूप. मी गप्प बसणारी नाही.'

यजमानांनी मान खाली घातली.

मित्रांनो, आम्हाला जादाचं यंत्र म्हणा, आमचं काही जात नाही. पण सिम निवडण्याआधी एवढं विचारा, की यातून कोण बोलणार आहे. कुणाचा तरी सगळा आवाज आमच्यातूनच जात असतो.