सड्यावरचा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. माझं वय तसं फार नाही, पण सड्यावरच्या, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळमाळावरच्या उन्हात पत्रा लवकर म्हातारा होतो.

चिपळूणकडच्या डोंगरात दरड कोसळून एक वाडी गाडली गेली. वाचलेल्यांसाठी उघड्या कातळावर शेड बांधल्या आणि त्यांतल्या एका शेडवर मला ठोकलं. तेव्हा मी नवा, चकचकीत होतो. माझ्याखाली म्हातारे भागोजी आणि त्यांची सून दर्शना राहायला आली. दर्शनाचा नवरा दरडीखालीच गेला होता. "थोडे दिवस काढा, घरं बांधून मिळतील," असं सरकारी साहेब सांगून गेले.

पावसाळा सरला, थंडी सरली, घरं आली नाहीत. मार्चमध्ये कातळ पेटला. सावलीला एक झाड नव्हतं. मी असा तापायचो की कावळासुद्धा माझ्यावर टेकत नसे. ती सगळी आग मी खाली सोडायचो.

शेजारचे मजीदभाई आखातात नोकरी करून आलेले. ते म्हणत, "तिकडं वाळवंट हाय, पन भर दुपारी काम बंद ठेवतात. हितं मानूस घरात बसून भाजतंय."

त्यांनी आणि दर्शनाने खालच्या गावातून झावळ्या आणून माझ्यावर अंथरल्या. वर गोणपाटं टाकली. भांडी धुतलेलं पाणी दर्शना त्यांवर शिंपडायची. भागोजी दुपारचे शांत झोपू लागले. मित्रांनो, तेवढेच दिवस मी खरं छप्पर होतो.

मग कुणी मोठे पाहुणे वसाहत बघायला येणार असं ठरलं. साहेबांनी झावळ्या उतरवायला लावल्या.

"आगीचा धोका आहे. आणि दिसतंही बरं नाही."

"साहेब, आत म्हातारं मानूस हाय," दर्शना म्हणाली.

"पाहुणे गेले की टाका परत."

झावळ्या ट्रॅक्टरने नेल्या. पाहुणे आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दर्शना नव्या झावळ्या आणायला उतरली. परत आली तेव्हा भागोजी निपचित पडले होते. अंग चटके देत होतं, घामाचा टिपूस नव्हता. ते दरडीत गेलेल्या मुलाला हाका मारत होते. मजीदभाईंनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. दवाखाना गाठेपर्यंत हाका थांबल्या होत्या.

साहेब भेटायला आले. म्हणाले, "वय झालं होतं त्यांचं."

दर्शना म्हणाली, "दरडीतून वाचले तवाबी तेवडंच वय हुतं, साहेब."

ती देवरूखला भावाकडे निघून गेली. माझ्याखाली आता दुसरं कुटुंब आहे, त्यात एक तान्हं मूल. पुन्हा ऊन चढू लागलं आहे.

मित्रांनो, मी गंजलो तर खुशाल भंगारात टाका. तापणं हा माझा धर्म, तो मला सोडता येत नाही. पण माझ्याखाली माणसं ठेवायचीच असतील, तर ठेवणाऱ्याने आधी वैशाखातली एक दुपार इथे काढावी. दार लावून.