काचेवरचा घाम

"सुलाबाई, फ्रिज बंद पडला काय? काचेला घामच नाय!"

मोतीरामने डेअरीतल्या काचेच्या कपाटाचे दार सताड उघडले, हात आत घातला आणि खात्री पटेपर्यंत तसाच ठेवला. बाकड्यावर बसलेल्या रंगनाथ सरांचा जीव वरखाली झाला.

"दार लावा आधी!"

"लावतो की. तुमचं दही पळून चाललंय का?"

एकतीस वर्षे सरांनी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन शिकवले. वीज कशी वाचते हे फळ्यावर हजारदा सिद्ध केले. खऱ्या दुकानात एकदाही नाही. निवृत्तीनंतर त्यांनी सुलाबाईंना गळ घातली, कपाटाला दुहेरी काच बसवली, चिरलेले रबर बदलले, आतल्या ट्यूबलाइटचा तापणारा चोक बाहेर माथ्यावर नेला. मीटरची चकती मिनिटाला अकराऐवजी सात फेरे घेऊ लागली. वहीत तो सात त्यांनी दोनदा गिरवला.

पण काचेचा घाम गेला आणि गिऱ्हाइकांचा विश्वासही. जो येई तो दार उघडून चाचपून पाही. काहीजण तर न चाचपताच समोरच्या दुकानात वळत. चकती पुन्हा दहावर आली. सर दिवसातून तीनदा येत, मीटरखाली घड्याळ धरून उभे राहत, निघत आणि कोपऱ्यावरून परत येत. त्यांनी काचेवर थर्मामीटर टांगला, तर मोतीराम म्हणाला, "कुणाला ताप आलाय?"

"शनिवारी जुनी काच परत बसवा, सर," अखेर सुलाबाई म्हणाल्या.

"अहो बाई, घाम येतो म्हणजे बाहेरची उष्णता आत शिरतेय!"

"तुमचं गणित बरोबरच असणार. पण लोक गणित पीत नाहीत, ताक पितात."

शनिवारी सर जुनी काच चादरीत गुंडाळून आले आणि पायरीवरच थबकले. सुलाबाई तांब्यात बोटे बुडवून कपाटावर पाणी शिंपडत होत्या. तेवढ्यात मागून मोतीराम आला. ओघळणारे थेंब त्याने लांबूनच पाहिले.

"आत्ता कसं! अर्धा किलो दही द्या."

दाराला त्याने हातही लावला नाही.

तो गेल्यावर सुलाबाईंची नजर सरांकडे गेली. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "म्हटलं, एकदा बघावं. सकाळपासून कुणी दार उघडलं नाही. चुकलं का, सर?"

मीटरपाशी जाऊन सरांनी मिनिटभर चकती पाहिली. सात. वही उघडून सात लिहिला. शेजारी 'कारण' असा रकाना होता. तो कोरा सोडणाऱ्या मुलाला त्यांनी कधी गुण दिले नव्हते. पेन बराच वेळ तिथे टेकून राहिले. मग त्यांनी वही मिटली.

एव्हाना काच सुकत आली होती. सरांनी जुनी काच भिंतीला टेकवली, तांब्या उचलला, आणि फळ्यावर लिहायला घ्यावे तसे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, ओळीने, सारख्या अंतरावर थेंब उमटवायला सुरुवात केली.