अर्धा वाटा

माझ्या नवऱ्याच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा नागपूरच्या डॉक्टरांनी कापून काढला आणि निघताना बजावलं, "खर्रा पुन्हा तोंडात गेला, तर पुढच्या वेळी जबडा काढावा लागेल." बजावलं ते मला. जसा काही तो तंबाखूचा खर्रा मीच घोटून देत होते! पण प्रवीणच्या तोंडात बोळा कोंबलेला, म्हणून मीच मान डोलावली.

पांढुर्ण्याला घरी आल्यावर माझ्या स्वयंपाकाची पार गंमत झाली. तिखट नको, आंबट नको, गरम नको, चावायचं काही नको, नळीने ओढून प्यायचं नाही. घरात संत्र्यांची थैली भरलेली आणि एक फोड तोंडात घालायची सोय नाही. रस टाक्यांना झोंबतो म्हणे. मी मुगाची खिचडी रवीने घोटायची, ज्वारीची आंबील ताक न घालता करून गार करायची, केळं दुधात कुस्करायची. लहान लेकराचं जेवण, आणि खाणारा नगरपालिकेतला मिशीवाला बाबू.

संत्री मोहगावची, भैय्याजींच्या बगीच्यातली. भैय्याजी म्हणजे प्रवीणचा सौसरच्या शाळेपासूनचा दोस्त. आम्ही बौद्ध, ते कुणब्याचे, पण या दोघांनी कधी वेगळं ताट ओळखलं नाही. एकाने समोसा घेतला की अर्धा दुसऱ्याचा. मोठे झाले तसा समोशाचा खर्रा झाला. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि मधोमध रेघ ओढून पुडीचे दोन वाटे करायचे. आज मी दिला, उद्या तू दे. समोरचा देत असेल तर नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा कायदा. दर रविवारी आमच्या ओसरीवरच्या निळ्या खुर्चीत बसून भैय्याजी पुडी घोटायचे. खर्र, खर्र. तो आवाज मला दातांत खडा आल्यासारखा लागायचा.

मागच्या वर्षी भैय्याजी तोंडाच्या कॅन्सरने गेले. खुर्ची तिथेच राहिली, कुणी उचलली नाही.

प्रवीणला दुपारी ओसरीवर बरं वाटायचं, म्हणून त्याची वाटी मी तिथेच नेऊन द्यायची. सुरुवातीला तो अर्धी खायचा आणि अर्धी बाजूला ठेवायचा. मी रागवायची.

"काऊन ठेवून राहिले? एवढी घोटून घोटून केली मी!"

तो सुजलेल्या तोंडाने म्हणायचा, "राहू दे. नंतर."

आणि खरंच, थोड्या वेळाने वाटी चाटूनपुसून साफ असायची. मला बरं वाटलं. म्हटलं, भूक परत आली. मी वाटी मोठी केली. तीही साफ. पण माणूस मात्र वाळत चालला. पायजमा कमरेवर राहीना, गळ्याची हाडं दिसायला लागली. एवढं खाऊन जातं कुठे, हे मला कळेना आणि विचारायची भीती वाटायला लागली.

एका दुपारी मी आत भांडी घासत होते. ओसरीवरून आवाज आला. खर्र, खर्र. मी हात न धुताच धावले. प्रवीण बाजेवर डोळे मिटून पडला होता. निळी खुर्ची त्याच्याकडे वळलेली होती. सकाळी झाडताना मीच ती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. साफ वाटीच्या तळाशी पन्नीची पुडी होती. अर्धी. ताजी, ओलसर, हाताला अजून कोमट.

"कोण देऊन गेलं हे?"

प्रवीणने डोळे उघडले. पुडीकडे त्याने टक लावून पाहिलं. नव्या नवरीकडेही त्याने तसं पाहिलं नव्हतं.

"त्यानं माहं अर्धं खाल्लं," तो म्हणाला. "आता त्याच्यातलं अर्धं माहं. नाई कसं म्हणू, करुणा?"

मी पुडी हिसकली आणि अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीत टाकली. नाक्यावरच्या टपरीवाल्याला जाऊन झापलं. तो बिचारा शपथा घ्यायला लागला, "वहिनी, तुम्ही सांगितल्यापासून बाबूले मी चुना बी नाई देल्ला." खोटं बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी फाटकाला कुलूप लावलं, तरी वाटीत पुडी होती. ती उचलायला प्रवीणचा हात माझ्याआधी पोचला होता. मी ती त्याच्या मुठीतून सोडवून चुलीत टाकली.

मग मी मोहगावला जयवंताबाईंना, भैय्याजींच्या बायकोला, फोन लावला. काय विचारायचं तेच सुचेना. शेवटी विचारलं, "भैय्याजी जाताना काही खाऊन गेले होते का?"

त्या म्हणाल्या, "नाकात नळी होती ना, बाई. हातानं खुणा करून मऊ खिचडी मांगून राहिले होते. डॉक्टर म्हणे, तोंडानं काईच नोका देऊ. मी नाई देल्ली. उपाशीच गेले माहे मालक." आणि त्या रडायला लागल्या. मीही रडले. माझ्या घरी वर्षानुवर्षं जेवलेला माणूस घोटभर खिचडीसाठी तळमळत गेला, हे मला ठाऊकच नव्हतं.

आता आमच्यात पिंड नाही, पितर नाही, कावळ्याला घास नाही. ते सगळं आम्ही सोडलं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण दारात आलेल्या पाहुण्याला जेवायला वाढायचं नाही, असं तर कुणी सांगितलेलं नाही. मी मुगाची खिचडी केली. वरून तूप सोडलं. वेगळी वाटी, वेगळा चमचा. ती निळ्या खुर्चीवर ठेवली आणि मोठ्याने म्हणाले, "भैय्याजी, हे पूर्ण तुमचं. याच्यात वाटा नाई. पोटभर खा. पण आता ह्यायले सोडा."

प्रवीणला धरून आत नेलं आणि दार लावलं. त्याचे दंड माझ्या मुठीत मावत होते. बाहेर चमचा वाटीला लागल्याचा आवाज येत राहिला, सावकाश, अधूनमधून थांबून, ज्याचं तोंड दुखतं त्या माणसाच्या जेवणासारखा. मग तो थांबला.

दार उघडलं. वाटीत बरोबर अर्धी खिचडी शिल्लक होती. मधोमध चमच्याने रेघ ओढलेली होती, भैय्याजी पुडीवर ओढायचे तशी.

"माहा वाटा ठेवला त्यानं," प्रवीण म्हणाला आणि हसला. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा हसला. त्याचा हात वाटीकडे गेला.

मी विचार केला नाही. वाटी ओढली आणि उभ्या उभ्या सगळी खिचडी खाल्ली. थंडगार होती. शेवटच्या घासाला जिभेवर चुना चरचरला. प्रवीण माझ्याकडे पाहत राहिला, मग लेकरासारखा रडला.

तेव्हापासून तो सुधारला. आपली वाटी आपण संपवतो. गालावर मांस आलं. परवा दुधात भिजवलेली भाकरी खाल्ली आणि संत्रं मागायला लागला. दुपारी ओसरीवर घोरत पडतो. त्याला काही ऐकू येत नाही.

मला येतं. भांडी घासताना पाठीमागे खर्र, खर्र. वळून पाहिलं तर कुणी नसतं, आणि माझ्या ताटात अर्धी पुडी असते. रोज मी ती चुलीत टाकते. मी जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही.

आज टाकायच्या आधी पन्नीची गाठ सोडली. नुसता वास घ्यायला.