दोनशे ग्रॅम

पन्नाशी उलटलेल्या बायकांचे बेडूक करायचे म्हणजे प्रशिक्षकाच्या अंगात दम हवा. अदिती मॅडम जेमतेम सत्तावीसच्या, पण सदर भागातल्या एका हॉलमध्ये त्यांनी साठ अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना पदर खोचून ओळीनं उड्या मारायला लावलं. मूल खेळातून शिकतं, ते कसं शिकतं हे आधी आपल्या गुडघ्यांना कळू द्या, असं त्यांचं म्हणणं. गोपिकाताईंचे गुडघे तीन उड्यांतच सगळं शिकून मोकळे झाले. त्या भिंतीला टेकून हसत राहिल्या. त्यांची मदतनीस नंदिनी मात्र हॉलच्या पार टोकापर्यंत उड्या मारत गेली आणि टाळ्या घेऊन परत आली.

तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचा हा दुसरा दिवस होता. लकडगंजच्या मागच्या वस्तीतली अंगणवाडी गोपिकाताई सव्वीस वर्षं चालवत होत्या. सहा वर्षांपूर्वी नंदिनीला मदतनीस म्हणून त्यांनीच लावून घेतलं. तिचा अर्ज स्वतः लिहिला, ऑफिसात खेटे घातले. परक्या बाईसाठी इतकं कोण करतं, असं वस्तीत लोक कौतुकानं म्हणाले. गोपिकाताई त्यावर कधी बोलल्या नाहीत. आपण ते का केलं हे त्यांना ठाऊक होतं, आणि रोज सकाळी नंदिनी झाडू घेऊन दारात उभी राहिली की ते त्यांना पुन्हा आठवायचं.

जेवणानंतर वाढीच्या तक्त्याचा तास होता. बायकांचे डोळे जड झाले होते. अदिती मॅडमनी पडद्यावर एका मुलाच्या जुन्या कार्डाचा फोटो लावला. नाव काळ्या पट्टीनं झाकलेलं होतं. योग्य वाढ दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्यातून वजनाची रेष कुठंही न डगमगता वर चढत गेली होती. ऑफिसातल्या जुन्या गठ्ठ्यातून मुद्दाम शोधून आणलंय, त्या म्हणाल्या. दर महिन्याला ठिपका, एक रकाना कोरा नाही. नोंद अशी हवी.

गोपिकाताईंनी मान पुढे काढून पाहिलं. ठिपके त्यांच्या हातचे होते. कार्डाचा खालचा कोपरा चघळून फाटलेला होता.

चौदा वर्षांपूर्वी अंगणवाडीतल्या वजनाच्या टांगायच्या काट्याची स्प्रिंग गेली होती. नवा काटा यायला चार महिने लागले. कोरे रकाने वर पाठवायचे नाहीत, असं तेव्हाच्या पर्यवेक्षिकेनं बजावलेलं. मग गोपिकाताईंनी पोरं नजरेनं जोखली आणि प्रत्येकाच्या नावापुढे महिन्याला दोनशे ग्रॅम वाढवत गेल्या. बाकीची पोरं खरोखरच वाढली, कुणाचं काही बिघडलं नाही. नंदिनीची पिंकी मात्र वाळत गेली. ते थंडीचे दिवस होते, पोर शालीत गुंडाळलेली असायची. चौथ्या महिन्यात नंदिनी तिला कडेवर घेऊन आली आणि पोरगी हातात हलकी लागते म्हणाली. गोपिकाताई घाईत होत्या. त्यांनी नुकताच ठिपका दिलेलं कार्ड तिच्यापुढे धरलं आणि हिरव्यातली रेष बोटानं दाखवली. पिंकीनं कार्डाचा कोपरा तोंडात घातला, तो दोघींनी हसत सोडवला. बावीस वर्षांची ती आई स्वतःच्या हातापेक्षा कागदावर विश्वास ठेवून घरी गेली. महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात जुलाबांचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत पिंकी गेली. मूल आधीच फार खंगलेलं होतं, असं दवाखान्यात सांगितलं.

शेवटचा ठिपका नऊ किलो सहाशेवर होता. तेव्हापासून दर महिन्याला वजनाच्या दिवशी, शेवटचं मूल काट्यावरून उतरलं की गोपिकाताईंच्या डोक्यात आपोआप पिंकीचे दोनशे ग्रॅम वाढायचे. त्यांनी खूप प्रयत्न केला, पण ते थांबेना. पिंकी आता सोळाव्या वर्षात होती, त्रेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. मुलांना बसवायची काट्याची रिकामी झोळी वाऱ्यानं हलली तरी त्यांना ती भरलेली वाटायची. हे त्यांनी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

"ताई," शेजारून नंदिनी हळूच म्हणाली, "हे आपल्या पिंकीचं कार्ड होय न जी?"

गोपिकाताई तिचा हात धरायला गेल्या. तोवर नंदिनी उभी राहिली होती. हे माझ्या पोरीचं कार्ड आहे, तिनं मोठ्यानं सांगितलं, आणि सगळा हॉल कौतुकानं तिच्याकडे वळला. अदिती मॅडमचा चेहरा खुलला. अरे वा, मग मुलगी आता काय शिकते, असं त्यांनी विचारलं.

"नाही जी ती आता. त्याच साली गेली."

अदिती मॅडम गडबडल्या. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा नंदिनीकडे. इतकी छान रेष असताना, असं काहीसं त्या पुटपुटल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण हाच प्रश्न नंदिनीला सासूनं विचारला होता, नवऱ्यानं विचारला होता, आणि तिचं उत्तर चौदा वर्षं तयार होतं.

"कार्ड तर बराबरच होतं, मॅडम. ताईनं दर महिन्याले मोजलं. माह्याच हातून काही चुकलं असन."

गोपिकाताई उठल्या. निवृत्तीला चार वर्षं होती. बोललं तर चौकशी लागेल, हे त्यांना कळत होतं. त्याहून मोठी भीती ही होती की उद्यापासून नंदिनी दारात दिसणार नाही. पण चौदा वर्षं या बाईनं त्यांचा गुन्हा आपल्या अंगावर वागवला होता आणि वर त्यांचेच उपकार मानले होते. आता गप्प बसणं त्यांना सोसवेना.

"हिचं काही चुकलं नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "काटा बंद होता. चार महिने मी पोरीले मोजलंच नाही. ते ठिपके मी मनानं टाकले." मग त्या नंदिनीकडे वळल्या. "तू म्हणत होती न वं, पोरगी हलकी लागून राहिली? तुह्यंच बराबर होतं."

नंदिनी रडली नाही. ती खाली बसली आणि पडद्यावरच्या रेषेकडे बघत राहिली, शेवटी अदिती मॅडमनीच फोटो पडद्यावरून हटवला. संध्याकाळी दोघी नेहमी एकाच ऑटोनं परत जायच्या. त्या दिवशी नंदिनी एकटीच पायी निघून गेली. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. गोपिकाताईंनी घडलं ते सगळं एका कागदावर लिहून सही करून अदिती मॅडमच्या हातात दिलं. मॅडमनी तो वाचला आणि वर पाठवावा लागेल, एवढंच म्हणाल्या.

सोमवारी वजनाचा दिवस होता. गोपिकाताईंनी कुलूप स्वतः उघडलं, झाडूही स्वतःच मारला. साडेनऊला नंदिनी आली. तिनं आढ्याच्या हुकाला काटा टांगला, झोळी लावली आणि पहिल्या मुलीला, दीड वर्षाच्या वेदिकाला, तिच्यात बसवलं.

"आठ किलो सातशे," ती म्हणाली.

एरवी ती आकडा सांगून लगेच मूल उतरवायची. आज तिनं वेदिकाला तसंच राहू दिलं. गोपिकाताईंनी कार्डावर ठिपका दिला. नंदिनीनं वाकून ठिपका पाहिला, पुन्हा काट्याकडे पाहिलं आणि मगच मुलीला खाली घेतलं. अशी एकोणीस मुलं झाली. गोपिकाताई प्रत्येक वेळी कार्ड तिच्याकडे फिरवून धरत होत्या.

शेवटचं मूल उतरलं. नंदिनीनं झोळी सोडली नाही.

"ताई, तवा ती खरी किती होती जी?"

"मले माहीत नाही वं," गोपिकाताई म्हणाल्या. "कोणालेच माहीत नाही."

नंदिनीनं रिकाम्या झोळीखाली दोन्ही हात धरले.

"सात किलो," ती म्हणाली. "थोडी कमीच. मले याद आहे."

मग तिनं झोळी सोडली, घडी करून पेटीवर ठेवली आणि खिचडीचे तांदूळ धुवायला गेली. गोपिकाताई हातात पेन धरून बसून होत्या. काटा शून्यावर उभा होता आणि त्यांच्या डोक्यात त्या दिवशी काही वाढलं नाही.